आक्कांनी लपवलं, आपण विचारू या

आम्ही तिघी जावा, इंदापूर तालुक्यातल्या. आज आमच्या सासूबाईंविषयी बोलणार आहोत. सारं गाव त्यांना आक्का म्हणायचं, मग आम्हीही आक्काच म्हणायचो.

तुकोबारायांची पालखी बारामतीहून सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी करत इंदापुरात येते. त्या दिवसांत आक्का रात्री दोनला उठून चूल पेटवायच्या. वारकऱ्यांना पिठलं-भाकरी वाढल्याशिवाय त्या स्वतः तोंडात घास घेत नसत. धाकटीला लग्नानंतर कॉलेजात त्यांनीच पाठवलं. "पोर मी सांभाळते, तू पेपर दे," म्हणाल्या. सासू म्हणून त्यांनी आम्हाला कधी जाच केला नाही.

त्यांची पाळी जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. एका उन्हाळ्यात त्या आपले कपडे वेगळे धुवायला लागल्या. देवळात जाणं थांबलं. कंबर दुखते म्हणून उसाच्या खुरपणीलाही येईनात. थोरलीला एकदा दोरीवर डाग न निघालेलं लुगडं दिसलं. तिला कळलं, पण सासूला असलं कसं विचारायचं, म्हणून ती गप्प बसली. आम्ही दोघींनीही वयाचं दुखणं असेल म्हणून सोडून दिलं. त्यात आठ महिने गेले.

एके दिवशी त्या चक्कर येऊन पडल्या, तेव्हा सगळं बाहेर आलं. पिशवीच्या तोंडाचा कर्करोग होता आणि तो पुढं गेला होता. टेंभुर्णी, कुर्डुवाडी करत आम्ही त्यांना बार्शीला नेलं. तिथल्या दवाखान्याला नर्गिस दत्त यांचं नाव आहे. पाटी वाचून दाखवली तेव्हा आक्कांनी विचारलं, "मदर इंडियातली का?" हो म्हटल्यावर म्हणाल्या, "एवढी मोठी बाई, तिलाबी सुटलं नाही."

नर्गिस ३ मे १९८१ रोजी गेल्या. त्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग होता. पती सुनील दत्त यांनी त्यांच्या आठवणीत कर्करोगाच्या रुग्णांसाठी संस्था काढली. म्हणजे घरचं माणूस गेल्यावर त्यांनी दुसऱ्यांच्या घरच्या माणसांसाठी काम केलं.

आक्कांना लाईट दिले, सलाईनमधून औषधं दिली. वर्षभर त्यांनी सोसलं. शेवटच्या आषाढात त्या खाटेवर बसून आम्हाला सांगत होत्या, "पिठल्यात मीठ बेतानं टाका गं." दिवाळीच्या आधी त्या गेल्या.

सगळे म्हणतात, त्यांचं आयुष्य तेवढंच होतं. आम्हाला तसं म्हणवत नाही. कारण हा आजार एका दिवसात होत नाही. एचपीव्ही नावाचा विषाणू पिशवीच्या तोंडाशी वर्षानुवर्षं टिकून राहिला, तर तिथल्या पेशी हळूहळू बिघडतात. त्या बिघाडातच सापडल्या, तर छोट्या उपचारानं काम होतं.

हे आपल्या शेजारच्या बायांनीच दाखवून दिलंय. १९९९ पासून बार्शीच्या आणि मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत मोठा अभ्यास केला. त्यात ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बाया होत्या. ज्या गावांत एचपीव्हीची तपासणी एकदाच झाली, तिथं पुढच्या आठ वर्षांत या आजारानं झालेले मृत्यू, तपासणी न झालेल्या गावांपेक्षा जवळपास निम्मे होते. आपल्यासारख्याच शेतात राबणाऱ्या बाया त्या.

आपल्याकडंही सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या बायांची तोंड, स्तन आणि पिशवीच्या तोंडाची तपासणी होते. उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, आशाताईंना विचारा. पिशवीची तपासणी काही मिनिटांची असते, कापाकापी नसते. पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून जात असेल, संबंधानंतर रक्त दिसत असेल, घाण वासाचं पांढरं जात असेल, तर थांबू नका. दरवेळी कर्करोगच असतो असं नाही, पण दाखवायलाच हवं. उपचार लागलेच, तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करा. मुलींसाठी लसही आहे, तिच्याविषयी डॉक्टरांना विचारा.

आक्कांच्या वर्षश्राद्धाला आम्ही जेवण साधंच केलं आणि आमच्या बचत गटातल्या बायांना तपासणीला नेलं. पहिल्यांदा सगळ्या लाजल्या. मग थोरलीनं लुगड्याची गोष्ट सांगितली आणि एकेक उठली. आता दर महिन्याच्या बैठकीत हप्ता जमा झाला की आम्ही एकमेकींना विचारतो, "बाई, अंगावरून काही जातंय का?"

हा प्रश्न आम्ही आक्कांना विचारला नाही. तुम्ही आज घरी जाऊन सासूला विचारा, आईला विचारा, जावेला विचारा. त्या चिडल्या तरी चालेल.