इंजिन दुरुस्त झालं, आता गिअरबॉक्स आणि पंखा

मच्छीमार बंधूंनो, पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर असताना पेट्रोलचं आउटबोर्ड इंजिन उघडून पिस्टन, रिंगा बदलल्यात? मग खालचा गिअरबॉक्सही बघा. स्क्रू काढून तेल वाहू द्या. ते दुधाळ दिसलं, तर सीलमधून पाणी शिरलंय. धातूचे कण चमकले, तर गिअर किंवा बेअरिंग झिजलंय. पंख्यामागे गुंडाळलेला जाळ्याचा नायलॉन धागा हे सील कापतो. म्हणून पंखा काढून शाफ्ट पाहाच. नवं तेल खालच्या भोकातून भरा, आत हवा कोंडत नाही.

आता पंखा. रनिंग-इनचे, म्हणजे नवे भाग नीट बसण्याचे, तास पूर्ण झाल्यावर, नेहमीचा भार घेऊन पूर्ण वेगात टॅकोमीटर पाहा. पुस्तिकेत मिनिटाला 5000 ते 6000 फेरे दिलेत आणि मिळतात 4600, तर बहुधा पंख्याचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो पुढे सरकेल ते अंतर, जास्त आहे. पिच इंचभर कमी केला, की साधारण 150 ते 200 फेरे वाढतात. जड पंख्याखाली दबलेलं इंजिन तापतं, पिस्टन जळू शकतो. माझं स्पष्ट मत आहे, भरल्या होडीत फेरे मर्यादेच्या वरच्या अर्ध्यात ठेवील, तोच पंखा घ्या.