पोत्यातली पुडी आणि घरातली किडामुंगी

आम्ही विलेपार्ल्याच्या एका महिला मंडळातल्या बायका. तुम्ही म्हणाल, मुंबईच्या बायका आम्हाला किड्यांबद्दल काय शिकवणार? रास्त आहे. पण आमच्यातल्या निम्म्याजणी लग्न होऊन इथे आल्या. कुणी खटावकडची, कुणी संगमेश्वरची, कुणी जामनेरची. आजही आमच्यापैकी कितीतरी घरांत वर्षाचा गहू-तांदूळ गावाहून येतो. तुमच्या कोठीत जे होतं, तेच पुढे आमच्या डब्यात येतं. म्हणून आज बोलायचं ठरवलं.

आधी आमच्यातच घडलेली एक गोष्ट. जूनचे पहिले दिवस. आमच्या एका मैत्रिणीकडे दिराने टेम्पोतून गव्हाची दोन पोती पाठवली. घर दोन खोल्यांचं, म्हणून पोती आतल्या खोलीत, सासूबाईंच्या पलंगापाशी ठेवली. रात्री पाऊस आला, खिडक्या लावून घेतल्या. मध्यरात्रीनंतर सासूबाईंना उलट्या सुरू झाल्या, मग धाकट्या मुलाला. रात्री मासे केले होते, तेच बाधले असं सगळ्यांना वाटलं. लिंबूसरबत दिलं, ओवा दिला. पहाटे सासूबाईंना धाप लागली तेव्हा शेजारीण मदतीला आली आणि दारातच थबकली. म्हणाली, लसणासारखा, कुजल्या मासळीसारखा वास कसला येतोय? तिने आधी सगळ्यांना बाहेर गॅलरीत काढलं. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, घरात कसलं औषध मारलंत का? कुणी काहीच मारलं नव्हतं. दिराला फोन लावला तेव्हा कळलं, पोतं शिवताना त्याने किडीच्या गोळ्या फडक्यात बांधून आत टाकल्या होत्या. वहिनीच्या गव्हाला कीड लागू नये, एवढाच त्याचा हेतू. सासूबाई चार दिवस अतिदक्षता विभागात होत्या. वाचल्या. मुलगाही वाचला.

या गोळ्या तुम्ही पाहिल्या असतील. सल्फास, सेल्फॉस अशी नावं घेतात. आत असतं ॲल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतला दमटपणा लागला की त्यातून फॉस्फिन नावाचा वायू निघतो. तो किड्याला मारतो, तसाच माणसालाही मारतो. त्यावर उतारा नाही. डॉक्टर फक्त हृदय आणि श्वास सांभाळतात. बंद गोदामात, माणसांच्या वस्तीपासून दूर, शिकलेल्या माणसाने वापरायची ही वस्तू. सामान्य गिऱ्हाईकाला ती विकायची परवानगीच नाही. तरी पुडीत बांधून ती मिळते हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. पावसाळी हवेत वायू जास्त वेगाने सुटतो, आणि नेमकी तेव्हाच आपण दारं-खिडक्या लावून झोपतो. ज्या खोलीत कुणी झोपतं, स्वयंपाक करतं, तिथे ही गोळी नको. भिंतीपलीकडच्या खोलीतही नको, कारण वायू दाराखालून, फटीतून जातो.

चुकून घरात आलीच तर काय करायचं? आधी माणसं बाहेर मोकळ्यावर काढायची. जाता जाता दारं-खिडक्या उघडी टाकायची. गोळीवर पाणी ओतायचं नाही, पाण्याने वायू आणखी सुटतो. पोतं उपसून गोळ्या शोधत बसायचं नाही. मळमळ, डोकेदुखी, छाती भरणं, काहीही झालं तरी ताबडतोब दवाखाना गाठायचा आणि गोळीचं नाव डॉक्टरांना सांगायचं. ते नाव कळलं नाही तर अन्नबाधा म्हणून उपचार सुरू होतात आणि वेळ जातो.

मग धान्य टिकवायचं कसं? याचं उत्तर आपल्या आज्यांच्या वैशाखात आहे. धान्यात किडा येतो तो ओलीमुळे. ऊन कडक असताना ताडपत्रीवर पातळ थर पसरायचा, मधूनमधून हात फिरवायचा, दोन-तीन दिवस वाळवायचं. दाणा दाताखाली घातला की कट्कन तुटला पाहिजे; चिंबला तर अजून ऊन हवं. आणि एक चूक आम्ही सगळ्यांनी कधी ना कधी केलेली आहे. संध्याकाळी गरम गरम धान्य कोठीत भरून झाकण लावायचं. गरम धान्याला आत घाम सुटतो, पत्र्याला पाणी धरतं, बुरशी येते. रात्रभर सावलीत निवू द्या, मगच भरा. कोठी आधी रिकामी करून झाडा, उन्हात तापवा. मागच्या वर्षीचे दोन शेर उरलेत म्हणून नव्यात मिसळू नका, त्या दोन शेरांतच टोके आणि सोंडे बसलेले असतात. जुनी गोणपाटं उलटी करून उकळत्या पाण्यातून काढा आणि खडखडीत वाळवा. पोती जमिनीवर नको, फळीवर ठेवा, भिंतीपासून हातभर दूर.

कडधान्याची गोष्ट वेगळी. भुंगा बऱ्याचदा शेतातूनच येतो. मादी शेंगेवर किंवा दाण्यावर अंडी घालते. मुगावर, चवळीवर पांढरे ठिपके दिसतात ना, ती हीच अंडी. अळी दाणा आतून खाते आणि भोक पाडून बाहेर पडते, तेव्हा आपल्याला कळतं. त्याला सोपा उपाय म्हणजे तेलाचा हात. किलोला लहान चमचाभर, म्हणजे पाच मिलिलिटर, खाण्याचं तेल चांगलं चोळायचं. अंडी तेलाने गुदमरतात. कोकणात वाल आणि कुळीथ राखेत ठेवतात तेही खरंच. भुंग्याला अख्खा दाणा लागतो, म्हणून भरडून केलेली डाळ अख्ख्या कडधान्यापेक्षा जास्त टिकते. तांदळाला बोरिक पावडर चोळायची पद्धत आमच्याकडे घरोघर होती. आम्ही ती सोडली. धुतलं की जातं म्हणतात, पण घाईत कोण किती धुतं?

इथे पार्ल्यात गच्चीला कुलूप आणि खोलीत जागा नाही, म्हणून काहीजणींनी वर्षाचं भरणंच बंद केलं. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून शेजारणींचे गट करून महिन्याचा किराणा वाटते, तिचं मुख्य कार्यालय इथेच पार्ल्यात आहे. महिन्यापुरतंच आलं तर किड्याला वाढायला सवडच मिळत नाही. तुमच्या बचत गटालाही हे जमण्यासारखं आहे. रवा-बेसनाला जाळी धरते, त्याला आम्ही शीतपेटीच्या बर्फाच्या कप्प्यात चार दिवस ठेवतो. नाहीतर रवा आणला की लगेच भाजून ठेवायचा.

पाऊस लागला की डास. त्यांच्यावर फवारणीच्या नावाने आपण फार आरडाओरडा करतो आणि आपल्याच पिंपाकडे बघत नाही. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि घरातल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी कोरडी करायची. पण नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी असली तरी महिनोन्महिने जगतात. काथ्याने कड घासायलाच हवी. शीतपेटीमागचं ताट, कुंडीखालची बशी, टायर, नारळाच्या करवंट्या, छपरावरचं प्लॅस्टिक, हे सगळं बघा. हिवतापाच्या डासाने तर मुंबईच्या विहिरी बंद करायला लावल्या. बेंटली नावाच्या डॉक्टरांनी १९११ च्या अहवालात दाखवलं, की शहरातल्या विहिरींतच तो डास वाढतोय. विहिरी बुजवायला लोकांनी विरोधही केला, कारण काहींसाठी ते पूजेचं पाणी होतं. गावात विहीर बुजवून कसं चालेल? तिथे गप्पी मासे सोडायचे, ते अळ्या खातात. प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा.

ढेकूण आणि झुरळं बाराही महिने. ढेकणांसाठी कुणी रॉकेल ओततं, कुणी घरात धुरी कोंडून बाहेर जातं. दोन्ही जिवाशी खेळ. ढेकणाला उष्णता सोसत नाही. चाळीत पूर्वी लोखंडी खाट गॅलरीत उभी करून सांध्यांत उकळतं पाणी ओतत, त्याला आजही तोड नाही. पण तो महिनोन्महिने उपाशी राहू शकतो, म्हणून दर आठ दिवसांनी पुन्हा करावं लागतं. झुरळांसाठी मात्र बोरिक पावडर कामाची. तेवढीच कणीक आणि साखर घालून दुधात गोळ्या करा आणि ओट्यामागे, मोरीच्या कोपऱ्यात ठेवा. पोरांचा आणि कुत्र्या-मांजरांचा हात पोचणार नाही अशा जागी.

थंडीत गोधड्या, शाली निघतात आणि कसर दिसते. ट्रंकेत डांबराच्या गोळ्या टाकायची आपली सवय. मोठ्यांच्या कपड्यांना फारसं बिघडत नाही, पण बाळाची दुपटी, टोपडी, झबली त्यांच्यात ठेवू नका. काही बाळांच्या रक्तात जन्मतः एक दोष असतो. त्यांना त्या गोळीच्या वाफेनेसुद्धा रक्त फुटून कावीळ होते, आणि दोष आहे की नाही हे वरून दिसत नाही. कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवा, आणि कपडे धुऊन, खळ काढून, ऊन देऊन ठेवा. कसरीला खळ फार आवडते.

आता आमची एक मागणी. मुलीला, भावाला, दिराला शहरात पोतं पाठवाल तेव्हा तोंडाला एक चिठ्ठी बांधा. धान्य कोणत्या महिन्यात वाळवलं, त्याला काय लावलं, आत काय टाकलं. लिहिता येत नसेल तर फोन करा. आमची ती मैत्रीण आता पोतं आलं की आधी गॅलरीत उतरवून घेते, गावी फोन लावते आणि दिराचं उत्तर ऐकल्यावरच ते उंबऱ्याच्या आत घेते.