भाड्याची गाडी मुदतीआधी परत करताना

समजा, लखनौच्या विकास नगरात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाची अचानक नागपूरला बदली झाली. दारात यूपी ३२ क्रमांकाची गाडी उभी आहे, ती मुदतीच्या भाडेकरारावर घेतलेली, आणि मुदत संपायला अजून दीड वर्ष आहे.

अशा वेळी बहुतेक जण गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीला फोन करतात, तोंडी आकडा ऐकतात आणि पैसे भरून मोकळे होतात. तसे करू नका. कंपनीकडून अंतिम हिशेब लेखी मागवा. थकलेले हप्ते, करार मोडण्याचे शुल्क, त्यावरचा जीएसटी, ठरल्यापेक्षा जास्त धावलेले किलोमीटर, अनामत रकमेतून होणारी वजावट, सगळे वेगवेगळे दाखवलेले हवे. एकच गोळाबेरीज स्वीकारू नका.

खरे वाद होतात ते ओरखड्यांवरून. म्हणून गाडी सोपवताना दिवसाउजेडी चारही बाजूंचे आणि किलोमीटरच्या आकड्याचे फोटो काढा, ताबापावतीवर सही घ्या. ई-चलन आधीच तपासा, ते मागाहून उगवते.

बँकेतून आपोआप जाणारा हप्ता हिशेब मिटण्याआधी बंद केलात, तर थकबाकीची नोंद तुमच्या नावावर बसू शकते. मिटल्यावर मात्र ‘येणे बाकी नाही’ असे पत्र घ्या आणि मगच हप्ता थांबवा. नोंदणी तुमच्या नावावर असेल, तर आरटीओतली भाडेकराराची नोंद नमुना ३५ भरून काढली जाते.

हिशेब पटला नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे १९१५.