आपली चूक सांगणारा सेनापति

चौतीस वर्षें मीं मुलांना शिकविलें. एके दिवशीं फळ्यावर माझा हिशेब चुकला. मागच्या बांकावरील मुलानें चूक दाखविली, तेव्हां मीं त्याला गप्प बसविलें व फळा पुसून टाकला. ती गोष्ट मला अद्याप टोंचते. म्हणूनच फील्ड मार्शल स्लिम यांचें चरित्र मला जवळचें वाटतें.

विल्यम स्लिम यांचा जन्म १८९१ सालीं ब्रिस्टल येथें झाला. वडील लोखंडी सामानाचे व्यापारी. तरुणपणीं बर्मिंगहॅमच्या गरीब वस्तींत त्यांनीं मास्तरकी केली, पुढें कारकुनी केली. १९१४ सालीं महायुद्ध पेटतांच ते सैन्यांत अधिकारी झाले. गॅलिपोलीस जबर जखमी झाले. युद्धानंतर हिंदी सैन्यांतील गुरखा पलटणींत दाखल झाले.

१९४० सालीं सुदानच्या सरहद्दीवर त्यांनीं गॅलाबातचा किल्ला घेतला. परंतु पुढें न जातां माघार घेतली. सबबी पुष्कळ होत्या. तरी त्यांनीं मागाहून स्वच्छ लिहिलें कीं, अपयशाचें कारण आपण स्वतःच. धाडसाचा मार्ग मोकळा असतां आपण भीतीचा सल्ला ऐकला.

१९४२ सालीं ब्रह्मदेशांतून सुमारें ९०० मैलांची माघार त्यांच्या वांट्यास आली. त्या पराभवाचा त्यांनीं धड्यासारखा अभ्यास केला. १९४३ च्या अखेरीस चौदावी सेना त्यांच्या हातीं आली. तींत बहुसंख्य जवान हिंदी होते. त्या वर्षीं एका जखमी शिपायामागें १२० आजारी शिपाई आघाडीवरून हलवावे लागत होते. खरा शत्रु हिंवताप! मेपाक्रिनच्या गोळ्या शिपाई खरोखर घेतात कीं नाहीं, याची स्लिम अवचित तपासणी करवीत. ज्या पलटणींत हयगय दिसे, तिच्या प्रमुखास काढून टाकीत. तिघांना काढल्यावर बाकीचे समजले! रेशमी हवाई छत्र्या मिळेनात, तेव्हां त्यांच्या माणसांनीं बंगालच्या तागाच्या छत्र्या बनवून रसद उतरविली.

१९४४ सालीं जपानी सैन्य इंफाळ व कोहिमावर चालून आलें. मणिपुरांतील सांगशाक येथें हवाई छत्रीदलाबरोबर मराठा लाइट इन्फंट्रीची एक बटालियनहि मार्चच्या अखेरीस प्राणपणानें लढली; त्या विलंबानें कोहिमाच्या रक्षकांना मोलाचा वेळ मिळाला. कोहिमावर किती शत्रु येईल, हा स्लिम यांचा अंदाज साफ चुकला होता. त्यांनीं एक रेजिमेंट धरली. आली अख्खी डिव्हिजन! ही चूकहि त्यांनीं १९५६ च्या आपल्या ग्रंथांत स्वतःच्या नांवावर मांडली, आणि ती सांवरल्याचें श्रेय लढणाऱ्यांना दिलें.

१९४५ च्या मार्चमध्यें मेइक्तिला व मंडाले पडलें. मे महिन्यांत रंगून हातीं आलें. १९४८ सालीं ते ब्रिटिश साम्राज्याचे सरसेनाध्यक्ष झाले. हिंदी सैन्यांतून त्या पदावर चढलेले ते पहिलेच. १९७० सालीं ते निवर्तले.

श्रोतेहो, विजय अनेकांनीं मिळविले. पण पुसून टाकतां येण्याजोगी चूक फळ्यावर तशीच राहूं देणारे थोडे. तो मागच्या बांकावरचा मुलगा आज कोठें असेल तो असो. चूक माझीच होती, एवढें त्याला येथून सांगतों.