झेरॉक्सनंतर चॅटबॉट

दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात रामेश्वरी फोटोकॉपीचं छोटं दुकान. महागड्या पुस्तकांतली नेमलेली प्रकरणं झेरॉक्स करून, बाइंडिंग करून विद्यार्थ्यांना तिथं मिळत. २०१२मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिजसारख्या प्रकाशकांनी खटला भरला. २०१६मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमावर बोट ठेवलं: शिकवण्याच्या ओघात केलेली अशी नक्कल हक्कभंग ठरत नाही. बेताची ऐपत असलेल्या विद्यार्थ्यांना केवढा दिलासा!

आता काही प्राध्यापक तशीच प्रकरणं चॅटबॉटला देऊन टिपणं, प्रश्नसंच काढून घेतात. मजकूर मात्र वर्गाबाहेर, कंपनीच्या सर्व्हरवर जातो. तिथंही हीच सवलत लागू होईल, असं गृहीत धरणं धोक्याचं आहे.

नोव्हेंबर २०२४मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेने चॅटबॉट बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयातच दावा लावला. परवानगीविना बातम्या वापरून मॉडेल घडवणं कायद्यात बसतं का, हा त्यातला कळीचा मुद्दा.