अहवालातली झीज आणि कंबरेतली कळ



कंबर धरली म्हणून एमआरआय काढला, की हातात अहवाल पडतो. ‘एल-४ एल-५ डिस्क बल्ज’, ‘डिजनरेटिव्ह चेंजेस’. संध्याकाळपर्यंत घरादाराला कळतं, की मणक्यात गॅप पडलाय, गादी सरकलीय. मग बादली उचलायची नाही, वाकायचं नाही, मांडी घालून बसायचं नाही. पट्टा बांधून माणूस कॉटवर. कंबरेच्या दुखण्याइतकंच हे भयही माणसाला जखडून ठेवतं, आणि गेल्या चाळीसेक वर्षांतलं संशोधन नेमकं या भयाबद्दल बोलतं, म्हणून आज ते सांगायचं आहे.

1990 साली अमेरिकेत स्कॉट बोडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 67 जणांचे एमआरआय काढले. यांतल्या कुणाचीही कंबर कधी दुखलेली नव्हती. तरी साठीच्या आतल्या दर पाचांत एकाची चकती, म्हणजे दोन मणक्यांमधली तीच गादी, बाहेर आलेली निघाली. पुढे 2015 मध्ये अशा 33 अभ्यासांतल्या, कंबर न दुखणाऱ्या 3110 लोकांची माहिती एकत्र मांडली गेली. विशीतच 37 टक्के लोकांच्या चकत्यांत झीज होती. ऐंशीला पोचलेल्यांत 96 टक्क्यांच्या. केस पिकतात तसंच हे.

झिजेचा दुखण्याशी संबंधच नाही, असं मात्र कुणी म्हणत नाही. पन्नाशीच्या आतल्या, कंबर दुखणाऱ्यांत हे बदल जास्त आढळतात. चकतीने नस दाबली आणि पायात कळ उतरली, तर चित्र आणि दुखणं यांचा मेळ चांगला बसतो. पण नुसती कंबर दुखत असेल तर चित्रातली झीजच तिला कारण आहे, असं छातीठोकपणे सांगता येत नाही.

आता ही चकती. प्रौढ माणसाच्या चकतीच्या गाभ्यात रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण वरच्या-खालच्या मणक्यांच्या पातळ पडद्यांतून झिरपत येतं. कोइंबतूरचे डॉ. एस. राजशेखरन यांनी शिरेतून औषध देऊन एमआरआय पुन्हा पुन्हा काढले, आणि ते गाभ्यापर्यंत तासन्‌तास कसं झिरपत जातं ते जिवंत माणसात दाखवलं. पडदा बिघडला की ही वाट बिघडते. या कामाला 2004 मध्ये कंबरेच्या संशोधनातला मानाचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आपल्या देशातलं हे काम आपल्याला फारसं ठाऊक नसावं, याचं मला वाईट वाटतं.

झीज होते ती ओझी उचलून, असं आपण धरून चालतो. फिनलंडमध्ये एकसारख्या जुळ्या भावांच्या 115 जोड्या तपासल्या. बऱ्याच जोड्यांत एक भाऊ अंगमेहनतीचा, दुसरा बैठ्या कामाचा. चकत्यांच्या झिजेत कष्टांचा वाटा अगदी थोडा निघाला. आनुवंशिकतेचा आणि लहानपणच्या घराचा कितीतरी मोठा. ‘तुझ्या कामानेच तुझे मणके झिजले’ असं हमालाला किंवा शेतमजुराला सांगण्याआधी डॉक्टरांनी हे आठवावं.

अहवालातच ‘हे बदल न दुखणाऱ्यांतही आढळतात’ अशी ओळ छापली तर? अमेरिकेत सुमारे अडीच लाख रुग्णांच्या बाबतीत तसं करून पाहिलं. कंबरेवरचे एकूण उपचार काही कमी झाले नाहीत. अफूजन्य वेदनाशामकांच्या चिठ्ठ्या तेवढ्या किंचित घटल्या. छापील ओळ पुरत नाही. रुग्णासमोर बसून कुणीतरी ते समजावून सांगायला हवं, आणि आपल्या गर्दीच्या ओपीडीत तेवढी दोन मिनिटं काढणं हा उपचारच आहे असं मी मानतो.

अंथरुणाला खिळून राहण्याचा सल्ला तर 1986 सालीच डळमळला. एका अभ्यासात सात दिवस झोपलेल्यांना दोन दिवस झोपलेल्यांपेक्षा अधिक आराम पडला नाही, कामाचे दिवस मात्र जास्त बुडाले. आणि 2024 मध्ये ऑस्ट्रेलियातून आलेली बातमी कुणालाही परवडणारी आहे. कंबरदुखीतून नुकत्याच उठलेल्या 701 जणांपैकी निम्म्यांना फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने हळूहळू वाढवत चालायला लावलं. त्यांची कंबर पुन्हा दुखायला मध्यक धरला तर 208 दिवस लागले. बाकीच्यांची 112 दिवसांतच.

काही खुणा मात्र वेगळ्या. लघवी अडणं किंवा नकळत होणं, बैठकीची जागा बधिर होणं, पायातली ताकद झपाट्याने जाणं, यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. कंबरदुखीबरोबर ताप असेल, वजन उतरत असेल किंवा पूर्वी कर्करोग झालेला असेल, तर डॉक्टरांना ते आधी सांगा. एमआरआय खरोखर लागतो तो अशा वेळी.