बैलाच्या खांद्याइतकीच आपल्या कमरेची काळजी घ्या



बैलाचा खांदा आला, तर आपण काय करतो? त्याला औताला जुंपत नाही. हळद-तेल लावतो, आठ दिवस मोकळा सोडतो, आणि जू कुठे घासतं तेही बघतो. पण स्वतःची कंबर धरली, की मात्र एक गोळी गिळतो आणि पुन्हा पातीला लागतो. आज मला याच विषयावर आपल्याशी बोलायचे आहे.

मागे एकदा ज्वारी काढणीच्या दिवसांत मी मंगळवेढा भागातील एका वस्तीवर गेलो होतो. चाळिशीचा धडधाकट गडी बाजेवर पडून होता. पाच दिवस ज्वारी उपटली, सहाव्या दिवशी पोतं उचलताना कमरेत लचक भरली. दोन महिने उठता आले नाही. मजुरीसाठी दुभती म्हैस विकावी लागली. तो म्हणाला, "साहेब, पीक चांगलं आलं, पण कमरेनं खाल्लं."

आपली मालदांडी ३५-१ ही ज्वारी मोहोळच्या केंद्रावर निवडलेली. भाकरीला गोड, कडब्याला चांगली. पण भारी काळ्या रानात ती उपटायची म्हणजे दिवसभर कमरेतून वाकून ओढायचे. असे का दुखते, ते आधी समजून घेऊ.

पहारेने दगड हलवताना आपण पहार टोकाला धरतो, म्हणजे थोड्या जोरात मोठा दगड हलतो. आपल्या पाठीत याच्या उलटे घडते. ओझे हाताच्या टोकाला असते आणि ते पेलणारे स्नायू मणक्याला अगदी लागून असतात. त्यामुळे वीस किलोचे ओझे अंगापासून लांब धरून वाकून उचलले, तर कमरेवर त्याच्या कितीतरी पट ताण येतो. मणक्यांच्या मध्ये मऊ गाद्या असतात. वारंवार असा ताण आला, की त्या झिजतात, कधी सरकतात. मग कळ पायात उतरते.

आता उपाय पाहू.

१. उपटणी. दोन्ही पाय जोडून वाकू नका. एक पाय पुढे टाका, गुडघे वाकवा, धाट बुडाशी धरा आणि पायांच्या जोरावर ओढा. एका वेळी एक-दोनच धाटे घ्या. कमरेला पीळ देऊन पेंढी मागे फेकू नका, पाय वळवून ठेवा. एकाच माणसाने दिवसभर उपटू नये. अर्धा-पाऊण तास उपटणी, मग पेंढ्या बांधणे, मग कणसे मोडणे, अशी पाळी लावा. धाट पकडून उपटायचा चिमटा मिळत असेल, तर तो वापरून पाहा. रान फारच कडक असेल, तर धारेच्या विळ्याने जमिनीलगत कापा. चार बोटे कडबा रानात राहिला, तर राहू द्या. कडबा विकत मिळतो, कंबर मिळत नाही.

२. खुरपणी. चवड्यावर बसून तासन् तास खुरपल्याने गुडघे झिजतात. हे दुखणे आपल्या भगिनींच्याच वाट्याला जास्त येते. दोन ओळींतले तण वाफशावर सायकल कोळप्याने उभ्यानेच काढा, खुरपे फक्त ओळीतल्या तणाला ठेवा. कोळप्याची मूठ ताठ उभे राहून, कोपर वाकवून सहज हातात आली पाहिजे. वाकावे लागले, तर दांडा आखूड आहे असे समजा. दर अर्ध्या तासाने उठून बांधापर्यंत एक चक्कर मारा.

दांड्याने असा काय फरक पडतो, असे कोणी म्हणेल. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात भाजीपाल्याच्या आणि शर्कराकंदाच्या रानात मजुरांना हातभर दांड्याचे कुदळे देत. त्याने मजुरांच्या पाठी कायमच्या जात. बागायतदार म्हणत, लांब दांड्याने विरळणी नीट होणार नाही. अखेर १९७५ साली आखूड कुदळ्यावर बंदी आली. दांडे लांब झाले आणि शेती काही बंद पडली नाही.

३. ओझे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली शिफारस केली, की एका पुरुषाने वाहायचे ओझे ५५ किलोच्या वर नसावे. बायकांचे ओझे त्याहून बरेच कमी हवे. युरियाची गोणीही २०१८ पासून ५० ऐवजी ४५ किलोची झाली. मग आपण क्विंटलाचे पोते एकट्याने पाठीवर का घ्यावे? रास भरताना पोती अर्धी भरा. उचलताना गुडघ्यात बसा, ओझे पोटाशी घ्या आणि पायांच्या जोरावर उठा. फवारणीचा १६ लिटरचा पंप काठोकाठ भरू नका. तो कमरेइतक्या उंच कट्ट्यावर ठेवून दोन्ही पट्टे खांद्यांत अडकवा.

४. उलटा व्यायाम. "आम्ही रानात राबतो, आम्हाला व्यायाम कशाला?" असे बरेच जण विचारतात. रानातले सगळे काम पुढे वाकण्याचे, म्हणून अंगाला उलटी सवयही हवी. काम थांबवल्यावर कमरेवर हात ठेवून हळूच पाच वेळा मागे झुका. कळ पायात उतरत असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारूनच करा.

५. आहार. भाकरीने ताकद येते, पण ज्वारीत चुना म्हणजे कॅल्शियम फार थोडे. मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम लागते. शंभर ग्रॅम ज्वारीतून तीसच्या आसपास मिळते, तर पेलाभर दुधातून दोनशेच्या वर. पण आपण दूध सगळे डेअरीला घालतो आणि घरी कोरा चहा पितो! घरातल्या प्रत्येकाला रोज पेलाभर दूध किंवा दही राहील, एवढे काढून ठेवा. तीळ, नाचणी, हुलगे आणि शेवग्याचा पाला ही कॅल्शियमची खाणच आहे. तिळाची चटणी रोज ताटात असू द्या. स्नायूंना डाळ, उसळ, शेंगदाणे हवेत. पाळी थांबल्यावर बायकांची हाडे लवकर ठिसूळ होतात, त्यांच्या ताटाकडे विशेष लक्ष द्या. घरात बसून असणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना रोज थोडा वेळ उन्हात बसवा. बिडीने हाडे कमजोर होतात, ती सोडा.

आता एक धोक्याची सूचना. रोज वेदनाशामक गोळी खाऊन काम ओढू नका. त्याने पोटात जखमा होतात, मूत्रपिंड बिघडते. नाव-गाव नसलेल्या सांधेदुखीच्या पुड्यांत स्टेरॉइड असू शकते. त्याने चार दिवस बरे वाटते आणि हाडे मात्र पोकळ होतात. पायाला मुंग्या किंवा बधिरपणा आला, पायातली ताकद गेली, ताप येऊन सांधा सुजला, किंवा म्हातारे माणूस पडून उभे राहीना, तर चोळत बसू नका. ग्रामीण रुग्णालयात किंवा सोलापूरच्या सिव्हिलला न्या. लघवी-संडासवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी न्या.

थोडक्यात लक्षात ठेवा:
• कमरेने नको, पायांनी उचला.
• दांडा लांब, ओझे निम्मे.
• दर अर्ध्या तासाने काम बदला.
• दूध आधी घरात, मग डेअरीत.
• रोजची गोळी हा इलाज नव्हे.

बंधूंनो आणि भगिनींनो, औत मोडले तर सुतार आहे, मोटार जळाली तर भरून मिळते. आपल्या मणक्याची गादी मात्र पुन्हा नवी मिळत नाही. यंदा काढणीला निघण्याआधी विळ्याला धार लावालच, तेव्हा कोळप्याच्या दांड्याकडेही एकदा बघा.